चार मद्रास खटले आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम



अभियांत्रिकीला 'भारताचे संविधान' हा विषय सक्तीचा असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला क्रेडिट नसते. त्यामुळे तो कसा वाचला जातो हे मला चांगले ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री अनुच्छेदांचे आकडे पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे. मी चेन्नईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझा मूळ विषय विद्युत यंत्रे. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. हा तास माझ्याकडे आला तेव्हा पहिली दोन वर्षे मीही आकडेच शिकवले.

एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विषय संपला, असे तुम्ही सांगितलेत. मग संसदेने घटनादुरुस्ती करून निकालाचा परिणाम बदलला, असे पुस्तकात कसे?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन मूळ निकाल वाचायला घेतले. न्यायालयाच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतले महत्त्वाचे निकाल काढले, तर एकापाठोपाठ एक शीर्षकात तेच नाव दिसू लागले: मद्रास राज्य. चार खटले, चारही या राज्यातून गेलेले, आणि त्यातला एक तर थेट अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा. त्या चार खटल्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालय नेमके काय करते, हे या टिपणात पाहू.

(शब्दांबद्दल एक सूचना. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात 'अनुच्छेद' हा शब्द आहे आणि साध्या कायद्यांना 'कलम'. बोलताना आपण सगळ्यालाच कलम म्हणतो. इथे मी फरक पाळला आहे.)

1950 पूर्वीचे न्यायालय

'सुप्रीम कोर्ट' हे नाव आपल्याकडे जुने आहे. कंपनी सरकारच्या काळात कलकत्त्याला 1774 मध्ये, मद्रासला 1801 मध्ये आणि मुंबईला 1824 मध्ये या नावाची न्यायालये सुरू झाली. पण ती इंग्लंडच्या राजाची न्यायालये होती आणि त्यांचा अधिकार मुख्यतः त्या त्या शहरापुरता होता. 1862 मध्ये ती बंद होऊन तिन्ही ठिकाणी उच्च न्यायालये आली. त्यांच्या वरचे अपील लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. 1935 च्या कायद्याने दिल्लीत संघ न्यायालय स्थापन झाले. 1 ऑक्टोबर 1937 पासून ते चालू लागले. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत सर मॉरिस ग्वायर आणि शाह सुलेमान यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले 1949 मध्ये थांबली आणि 28 जानेवारी 1950 रोजी, प्रजासत्ताक होऊन दोनच दिवस झाले असताना, सर्वोच्च न्यायालयाचा उद्घाटन समारंभ झाला. तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात न्यायालय भरे. आजच्या टिळक मार्गावरील इमारतीत ते 1958 मध्ये गेले.

या सगळ्यात परीक्षेपलीकडे लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. जुन्या न्यायालयांकडे नागरिकांच्या हक्कांची अशी यादी नव्हती, जिच्यावर विधिमंडळाचा कायदा घासून पाहता येईल. 1950 मध्ये ती आली. अनुच्छेद 13 ने सांगितले की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्यवत. अनुच्छेद 32 ने सांगितले की हक्क मोडला तर नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात यावे, आणि असे येता येणे हाही एक मूलभूत हक्कच. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा म्हटले होते, ते याच कारणासाठी.

गोपालन: कायदा केला की पुरे का?

ए. के. गोपालन हे मलबारचे कम्युनिस्ट नेते. मलबार तेव्हा मद्रास राज्यात होते. डिसेंबर 1947 पासून ते या ना त्या आदेशाखाली कोठडीत होते. 1950 मध्ये संसदेने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा केला आणि त्याखाली त्यांना पुन्हा स्थानबद्ध केले. त्यांनी अनुच्छेद 32 चा आधार घेतला.

प्रश्न अनुच्छेद 21 चा होता. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे तो सांगतो. मग संसदेने कोणतीही कार्यपद्धती लिहून काढली की काम झाले, की ती न्याय्यही असली पाहिजे? 19 मे 1950 रोजी सहा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. बहुमताने सांगितले की विधिमंडळाने कायदा रीतसर केला आहे एवढे पुरे. न्यायमूर्ती फझल अली यांनी वेगळे मत नोंदवले. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत झाले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालासुद्धा सांगायची नाहीत, असे त्या कायद्याचे कलम 14 म्हणत होते. ते रद्द झाले. सरकारने माणूस आत टाकावा आणि का टाकला हे न्यायाधीशालाही कळू नये, इथवर पहिल्या वर्षातले हे न्यायालयही जायला तयार नव्हते.

गोपालन हरले. 1952 मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले, ही वेगळी गोष्ट. पण न्यायालयाची दिशा हळूहळू बदलली. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात आणि शेवटी 1978 च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने मान्य केले की कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. न्यायालय आपली आधीची भूमिका स्वतः दुरुस्त करते ती अशी. इथे त्याला 28 वर्षे लागली आणि मध्ये आणीबाणी येऊन गेली.

थापर: मुंबईचे साप्ताहिक, मद्रासची बंदी

गोपालन निकालानंतर एकाच आठवड्याने, 26 मे 1950 रोजी, दुसरा निकाल आला. रमेश थापर मुंबईहून 'क्रॉस रोड्स' नावाचे इंग्रजी साप्ताहिक काढत. मार्च 1950 मध्ये मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली या साप्ताहिकाला राज्यात येण्यास बंदी केली.

मद्रास सरकारचा पहिलाच आक्षेप असा की याचिकाकर्त्याने आधी उच्च न्यायालयात जायला हवे होते. न्यायालयाने तो फेटाळला. मूलभूत हक्कांचे रक्षण ही आमच्यावर सोपवलेली जबाबदारी आहे, तेव्हा दारात आलेल्याला आम्ही परत पाठवू शकत नाही, असा त्याचा आशय. (आज अनेकदा न्यायालयच सांगते की आधी उच्च न्यायालयात जा. खटल्यांचा ढीग पाहता ते समजू शकते, पण 1950 ची भूमिका ही होती.) मूळ मुद्द्यावर न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी बहुमताचा निकाल लिहिला. हे स्वतः मद्रासचे, पुढे दुसरे सरन्यायाधीश झाले. अनुच्छेद 19(2) तेव्हा अभिव्यक्तीवर बंधन घालू देत होता ते मुख्यतः राज्याची सुरक्षितता धोक्यात येत असेल तर. मद्रासचा कायदा 'सार्वजनिक सुव्यवस्था' या त्याहून कितीतरी ऐसपैस कारणावर उभा होता. म्हणून बंदी रद्द.

इथेही फझल अली बहुमताच्या विरोधात होते, पण या वेळी सरकारच्या बाजूने. आठवड्यापूर्वी गोपालनसाठी लिहिणारे न्यायाधीश ते हेच. कुठल्या न्यायाधीशाला 'सरकारी' किंवा 'बंडखोर' अशी चिठ्ठी चिकटवण्याआधी मुलांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत, असे मी वर्गात सांगतो.

गिंडीची एक जागा

आता तो खटला, जो माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेतो.

चेन्नईच्या गिंडी भागातले अभियांत्रिकी महाविद्यालय 1794 मध्ये सर्वेक्षण शाळा म्हणून सुरू झाले. आज ते अण्णा विद्यापीठात आहे. 1950 मध्ये सी. आर. श्रीनिवासन या विद्यार्थ्याने तिथे अर्ज केला. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून त्याचे गुण 450 पैकी 369, म्हणजे 82 टक्के. मद्रास राज्यात तेव्हा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालये चार आणि एकूण जागा 395. त्यातल्या 21 बाहेरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी आणि 12 सरकारच्या मर्जीवर. उरल्या 362.

या जागा जिल्ह्यांच्या गटांत वाटून मग 'कम्युनल जी.ओ.' नावाच्या शासकीय आदेशाने भरल्या जात. दर 14 जागांमागे ब्राह्मणेतर हिंदू 6, मागास हिंदू 2, ब्राह्मण 2, हरिजन (आदेशातला तेव्हाचा शब्द) 2, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती 1, मुसलमान 1. श्रीनिवासन ब्राह्मण होता. म्हणजे त्याची स्पर्धा 362 जागांसाठी नव्हती, त्यातल्या साधारण 52 जागांसाठी होती. वैद्यकीय प्रवेशाबाबत अशीच याचिका चंपकम दोराईराजन यांनी केली होती. गंमत अशी की त्यांनी प्रत्यक्ष प्रवेश अर्जच केला नव्हता, तरी खटला ओळखला जातो तो त्यांच्या नावाने. ज्याने अर्ज केला आणि गुणपत्रिका जोडली, तो अभियांत्रिकीचा मुलगा तळटिपेत गेला.

एवढे सांगितले की वर्गात दोन तट पडतात. म्हणून दुसरी बाजू सांगणे भाग असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात ब्राह्मणांची संख्या शेकडा तीनच्या आसपास होती आणि पदव्या व वरच्या सरकारी नोकऱ्यांत मात्र त्यांचेच प्राबल्य होते. 1916 मध्ये ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा निघाला, जस्टिस पक्ष आला आणि 1920 च्या दशकात या आदेशांची सुरुवात झाली. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 26 जुलै 1902 रोजी मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्यामागचे दुखणे हेच होते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते, त्या घरातल्या मुलासाठी जी.ओ. म्हणजे गिंडीच्या फाटकातून आत जाण्याचा मार्ग होता. श्रीनिवासनसाठी तोच आदेश म्हणजे बंद फाटक. दोन्ही मुलांच्या दृष्टीने पणाला लागले होते ते अख्खे आयुष्य.

जुलै 1950 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. संविधानाच्या मसुदा समितीचे एक सदस्य अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर तिथे याचिकेच्या बाजूने उभे होते. सरकार अपिलात गेले. 9 एप्रिल 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने तोच निर्णय कायम केला. अनुच्छेद 29(2) सांगतो की सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारने अनुच्छेद 46 पुढे केला: दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपावे, असे मार्गदर्शक तत्त्व. न्यायालयाने उत्तर दिले की मार्गदर्शक तत्त्वे मूलभूत हक्कांना डावलू शकत नाहीत. शिवाय नोकऱ्यांसाठी अनुच्छेद 16(4) मध्ये राखीव जागांची स्पष्ट तरतूद आहे. शिक्षणासाठी तशी नाही.

माझ्या मते निकालाचा हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मजबूत आहे. न्यायालयापुढे जो मजकूर होता, त्यात खरोखरच एक जागा रिकामी राहिली होती. डॉ. आंबेडकरांना मात्र हे पटले नाही. 'केवळ' या शब्दाला न्यायालयाने पुरेसे महत्त्व दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मे 1951 मध्ये कायदामंत्री म्हणून संसदेत बोलताना त्यांनी निकाल असमाधानकारक असल्याचे सांगितले. निकाल पाळायला आपण बांधील आहोत, त्याविषयी आदर बाळगायला नाही, असेही ते म्हणाले. मद्रासमध्ये पेरियार यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आंदोलन झाले होतेच.

मग पहिली घटनादुरुस्ती आली. 18 जून 1951 रोजी ती अमलात आली, म्हणजे निकालानंतर सव्वादोन महिन्यांत. तिने अनुच्छेद 15(4) घातला. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले वर्ग आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या उन्नतीसाठी राज्याला विशेष तरतूद करता येईल आणि 29(2) त्याच्या आड येणार नाही. बारकाईने पाहा: जुना आदेश परत आला नाही. त्यात सगळ्याच जागा सगळ्या समाजांत वाटल्या होत्या. नव्या अनुच्छेदाने परवानगी दिली ती मागास वर्गांसाठी तरतुदीची. आज तुमच्या वर्गात राखीव जागेवर जो कोणी बसला आहे, त्याच्या प्रवेशाचा घटनात्मक आधार गिंडीच्या या खटल्यातून निघाला आहे.

त्याच दुरुस्तीने थापर निकालालाही उत्तर दिले. 19(2) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण घातले गेले. पण सोबत निर्बंध 'वाजवी' हवेत, हा शब्दही आला. सरकारला हवे ते मिळाले आणि ते तपासण्याची फूटपट्टी न्यायालयाच्या हाती राहिली.

राव: वाजवी म्हणजे काय

ही फूटपट्टी वापरायची कशी, हे चौथ्या खटल्यात ठरले. मद्रासमधल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला राज्य सरकारने मार्च 1950 मध्ये बेकायदा ठरवले. (आंबेडकरांनी मुंबईत 1945 मध्ये काढलेली याच नावाची संस्था वेगळी, घोटाळा करू नये.) संस्थेचे सरचिटणीस व्ही. जी. राव न्यायालयात गेले. 31 मार्च 1952 रोजी सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी निकाल दिला. वाजवीपणा मोजताना हक्काचे स्वरूप, निर्बंधाचा हेतू, टाळायच्या संकटाची तीव्रता, निर्बंध त्या प्रमाणात आहे का आणि त्या वेळची परिस्थिती हे सगळे पाहायचे. मद्रासच्या कायद्यात संस्थेला आपली बाजू न्यायालयापुढे मांडण्याची सोय नव्हती. तो भाग रद्द झाला. मूलभूत हक्कांबाबत न्यायालयाची भूमिका जागत्या पहारेकऱ्याची आहे, ही प्रसिद्ध उपमा याच निकालातली. त्याबरोबर त्यांनी हेही लिहिले की विधिमंडळाच्या निर्णयाला आम्ही पुरेसे वजन देतो, हल्ला करण्याची आम्हाला हौस नाही. हा भाग सहसा कोणी उद्धृत करत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर

तर न्यायालयाने निकाल दिला की विषय संपतो का? त्या दोन पक्षकारांपुरता संपतो. अनुच्छेद 141 प्रमाणे त्यातला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारकही होतो. पण संसद संविधानाचा मजकूर बदलू शकते, आणि मोठे पीठ छोट्या पीठाचा निकाल फिरवू शकते. म्हणून 'सर्वोच्च न्यायालय म्हणाले' असे वाक्य वाचले की पहिला प्रश्न विचारा: किती न्यायाधीशांचे पीठ? 1950 मध्ये न्यायाधीशांची मंजूर संख्या 8 होती, 2019 च्या कायद्याने ती 34 झाली. रोजचे काम दोन-तीन न्यायाधीशांच्या पीठांपुढे चालते. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच हवेत.

संसदेच्या अधिकारालाही मग सीमा आहे का? 1951 मध्ये न्यायालयाने 'नाही' म्हटले, 1967 च्या गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांना हात लावू नका म्हटले, आणि 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 अशा मतांनी मधला मार्ग काढला: दुरुस्ती करा, पण संविधानाची मूलभूत संरचना मोडू नका. एका मताने ठरलेल्या या तत्त्वावर आजचा सगळा डोलारा उभा आहे.

हा संवाद अजून चालू आहे, आणि तमिळनाडू अजून त्यात आहे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने राखीव जागांना साधारणपणे 50 टक्क्यांची मर्यादा घातली. तमिळनाडूने 69 टक्क्यांचा कायदा केला आणि 1994 च्या 76 व्या घटनादुरुस्तीने तो नवव्या अनुसूचीत गेला. 2007 मध्ये न्यायालयाने सांगितले की केशवानंद निकालाच्या तारखेनंतर त्या अनुसूचीत घातलेले कायदेही तपासता येतील. महाराष्ट्रातल्या वाचकांना याचे दुसरे टोक माहीत आहे: मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा 5 मे 2021 रोजी याच 50 टक्क्यांच्या मर्यादेवर अडला.

न्यायालयाची बाकीची कामे थोडक्यात. बहुतांश प्रकरणे अनुच्छेद 136 खाली, म्हणजे विशेष परवानगीने, अपील म्हणून येतात. राज्याराज्यांतले वाद अनुच्छेद 131 खाली थेट येतात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला दावा हे त्याचे उदाहरण. अनुच्छेद 143 खाली राष्ट्रपती सल्ला विचारू शकतात. तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवलेली 10 विधेयके एप्रिल 2025 मध्ये दोन न्यायाधीशांनी संमत झाल्याचे मानले; त्यानंतर राष्ट्रपतींनी प्रश्न पाठवला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पाच न्यायाधीशांनी मत दिले की अशी मानीव संमती देता येत नाही. पीठाची संख्या का विचारायची, ते इथे पुन्हा दिसते.

न्यायालय बसते दिल्लीत, आणि चेन्नईहून दिल्लीला रेल्वेने जवळपास दीड दिवस लागतो. अनुच्छेद 130 प्रमाणे राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश दुसरीकडेही बैठक ठरवू शकतात. दक्षिणेत पीठ असावे ही मागणी इथले वकील अनेक वर्षे करत आहेत. ती मान्य झालेली नाही.

स्वाध्यायासाठी एक प्रश्न. समजा 1952 मध्ये मद्रास सरकारने तोच 14 जागांचा तक्ता, एकही आकडा न बदलता, पुन्हा लागू केला असता आणि श्रीनिवासनने पुन्हा याचिका केली असती. अनुच्छेद 15(4) आता संविधानात आहे. तक्त्यातली कोणती ओळ टिकली असती आणि कोणती नाही? उत्तर लिहिताना 15(4) मधील 'मागासलेले' हा शब्द आणि 29(2) मधील 'केवळ' हा शब्द, दोन्हींचा विचार करा.